क्रॅप्सचं टेबल वाचायचं कसं: ३६ जोड्या, चिंचोके आणि टेबलावर न छापलेली एक बेट

पुण्यातून हल्ली दर दुसऱ्या घरातलं कोणीतरी अमेरिकेत असतं, आणि आईवडील किंवा मित्र तिकडे गेले की ग्रँड कॅनियनला जाता जाता लास व्हेगास होतंच. तिथे स्लॉट मशीनचं बटण कोणीही दाबतं, ब्लॅकजॅकही थोडंफार कळतं, पण क्रॅप्स या फाशांच्या खेळाच्या टेबलाशी गेलं की माणूस दोन मिनिटं उभा राहतो आणि गुपचूप पुढे सरकतो. कारण नवख्याला ते टेबल म्हणजे संध्याकाळी सातचं स्वारगेट, कोण कुठून येतंय कुठे चाललंय काही पत्ता लागत नाही, सगळे एकदम ओरडतायत आणि चार माणसं चिप्स (पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या) इकडून तिकडे ढकलतायत.

खरं सांगू का, खेळ सोपा आहे. अवघड केलाय तो त्या कापडावरच्या छपाईने. मधोमध मोठ्या रंगीत चौकोनांत ज्या बेट्स, म्हणजे पैसे लावायचे प्रकार, छापलेल्या असतात त्या सगळ्यात वाईट, कडेच्या साध्या पट्टीवरची बऱ्यापैकी, आणि सगळ्यात चांगली बेट कापडावर छापलेलीच नसते, ती माहीत असावी लागते. हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे, पण तिथपर्यंत जायला आधी थोडं गणित लागेल, पाचवी-सहावीचंच आहे, घाबरू नका.

आधी ३६ जोड्या

दोन फासे, प्रत्येकाला सहा बाजू, म्हणजे ६ गुणिले ६ बरोबर ३६ प्रकारची दानं. त्यात ७ ची बेरीज ६ प्रकारे येते (१-६, २-५, ३-४ आणि उलट). ६ आणि ८ प्रत्येकी ५ प्रकारे, ५ आणि ९ प्रत्येकी ४, ४ आणि १० प्रत्येकी ३, ३ आणि ११ प्रत्येकी २, आणि २ आणि १२ फक्त एकेकदा. बास. पुढचा सगळा खेळ या एका ओळीतून निघतो, त्यामुळे ही ओळ पाठच करा: ७ ला सहा, मग दोन्हीकडे उतरत जा, पाच, चार, तीन, दोन, एक.

एकच गोष्ट लोक चुकवतात, १-६ आणि ६-१ या दोन वेगळ्या जोड्या धरायच्या. एक फासा लाल आणि एक पांढरा घ्या, लगेच पटेल.

घरी सराव कसा करायचा

वाचून कळणार नाही, खेळूनच कळेल. अप्पा बळवंत चौकातून एक मोठा कार्डशीट आणा, लुडोच्या डब्यातले दोन फासे घ्या आणि चिप्सच्या जागी चिंचोके, माणशी शंभर. शीटवर कडेने एक लांब पट्टी काढा तिच्यावर लिहा पास लाइन, तिच्या आतल्या बाजूला बारीक पट्टी डोन्ट पास, वरती सहा घरं ४, ५, ६, ८, ९, १०, त्यांच्या खाली एक मोठं घर कम, आणि त्याखाली फील्ड. एक कॅरमची सोंगटी घेऊन एका बाजूला कागद चिकटवून ‘ऑन’ लिहा, दुसरीकडे ‘ऑफ’. फासे स्टीलच्या ताटात टाकू नका, खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतील, सतरंजीवर टाका.

आणि चिंचोकेच ठेवा, पैसे नकोत. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासूनचा आहे, कसिनोला परवानगी देणारा १९७६ चा कायदा कागदावर होता तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. ऑनलाइनचं म्हणाल तर २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केलेत, त्यामुळे मोबाईलवर ‘क्रॅप्स खेळा बोनस घ्या’ अशी जाहिरात आली तर तिच्या नादी लागू नका. गोव्यात मांडवीतल्या बोटींवर कसिनो कायदेशीर आहेत, पण जायच्या आधी क्रॅप्सचं टेबल आहे का ते फोन करून विचारा.

डाव कसा चालतो

एक जण फासे टाकतो, तो शूटर. त्याचं पहिलं दान म्हणजे कम आउट, तेव्हा सोंगटी ‘ऑफ’ बाजूला असते. पास लाइनवर चिप ठेवलेली असेल तर कम आउटला ७ किंवा ११ आले की लगेच जिंकलात, जेवढे लावले तेवढे मिळाले. २, ३ किंवा १२ आले की लगेच गेलात, याला क्रॅप्स म्हणतात. बाकी काहीही, म्हणजे ४, ५, ६, ८, ९, १० यातलं काही आलं तर तो आकडा ‘पॉइंट’ झाला, सोंगटी ‘ऑन’ करून त्या घरावर ठेवायची, आणि आता शूटर टाकत राहतो टाकत राहतो जोपर्यंत दोनपैकी एक होत नाही तोपर्यंत: पॉइंट परत आला तर पास लाइन जिंकली, ७ आधी आला तर हरली आणि फासे पुढच्या माणसाकडे. बाकीच्या आकड्यांनी पास लाइनला काही फरक पडत नाही.

म्हणजे ७ हा कम आउटला मित्र आणि पॉइंट लागल्यावर वैरी. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा खेळ आला. तिकडे टेबलावर पॉइंट लागलेला असताना ‘सेव्हन’ हा शब्द तोंडातून काढला की लोक डोळे वटारतात, अपशकुन मानतात, त्यामुळे गप्प बसा.

आता पास लाइनचं गणित एकदा नीट करू, कारण सगळं यावर उभं आहे. कम आउटला जिंकायच्या वाटा ८ (७ च्या सहा, ११ च्या दोन), हरायच्या ४. म्हणजे पहिल्या दानाला तुमचं पारडं जड. पण उरलेल्या २४ वाटांत पॉइंट लागतो आणि तिथे घर, म्हणजे कसिनो, वसूल करतं. पॉइंट ४ असेल तर ४ यायच्या ३ वाटा आणि ७ च्या ६, म्हणजे तीन वेळांत एकदा जिंकणार. पॉइंट ५ किंवा ९ तर ४ विरुद्ध ६. पॉइंट ६ किंवा ८ तर ५ विरुद्ध ६. सगळी बेरीज केली की उत्तर येतं असं: ४९५ डावांत सरासरी २४४ जिंकाल, २५१ हराल. फरक फक्त ७ चा. प्रत्येक डावाला १०० चिंचोके लावले असतील तर ४९,५०० पैकी ७०० गेले, म्हणजे १.४१ टक्के. याला हाउस एज म्हणतात, घराचा कट. कसिनोतल्या बऱ्याच खेळांच्या मानाने हे स्वस्त आहे, अमेरिकन रूलेटमध्ये हाच कट ५.२६ टक्के असतो.

आणखी एक, पास लाइनची चिप पॉइंट लागल्यावर काढता येत नाही. का ते वरच्या हिशोबातच आहे, पहिल्या दानाचा फायदा तुम्ही घेतला आता घराची पाळी आल्यावर पळून कसं चालेल.

डोन्ट पास

याच्या बरोबर उलट. कम आउटला ७, ११ ला हरायचं, २, ३ ला जिंकायचं, पॉइंट लागला की ७ आधी यावा म्हणून बसायचं. मग प्रश्न पडतो की पास लाइनवाला तोट्यात तर उलट्या बाजूचा फायद्यात हवा ना? घर काय येडं आहे का. त्यांनी १२ ला बार केलाय, म्हणजे कम आउटला १२ आले तर डोन्ट पासवाला जिंकत नाही, नुसती बरोबरी. तेवढ्या एका जोडीने पारडं फिरतं: १,९८० डावांत ९४९ जिंकणार, ९७६ हरणार, ५५ बरोबरी. कट १.३६ टक्के, पास लाइनपेक्षा केसभर कमी.

ही बेट मूळ खेळात नव्हती. क्रॅप्स आला इंग्लंडच्या हॅझर्ड नावाच्या जुन्या खेळातून, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लीन्समध्ये बर्नार्ड द मारिनी या जमीनदाराने तो रुजवला असं सांगतात, आणि विसाव्या शतकात जॉन विन नावाच्या फासे बनवणाऱ्याने शूटरच्या विरुद्ध पैसे लावायची सोय आणली. कारण तोपर्यंत शूटरच्या बाजूनेच पैसे लावता यायचे आणि खेळणारे लबाड फासे आणून घराला गंडवायचे. दोन्ही बाजूंनी पैसे लागायला लागल्यावर लबाड फाशाचा फायदा कोणाला होईल सांगता येईना.

गणिताने डोन्ट पास बरी, पण मी नवख्याला ती सांगत नाही. अख्खं टेबल ज्याच्यासाठी ओरडतंय त्याच्या विरुद्ध आपण, आणि ७ आल्यावर सगळ्यांचे पैसे गेले आणि आपण एकटे हसतोय, पहिल्याच दिवशी कशाला शत्रू करा ०.०५ टक्क्यासाठी.

न छापलेली बेट: ऑड्स

हां, आता मुद्द्याचं. पॉइंट लागला की पास लाइनवरच्या तुमच्या चिपच्या मागे, पट्टीच्या बाहेर, आणखी चिप्स ठेवता येतात. तिथे ना चौकोन ना नाव ना काही. डीलरला, म्हणजे टेबल सांभाळणाऱ्या कसिनोच्या माणसाला, ‘ऑड्स’ म्हणा आणि ठेवा. ही बेट पॉइंट आल्यावर खऱ्या हिशोबाने पैसे देते: पॉइंट ४ किंवा १० असेल तर १ ला २, ५ किंवा ९ असेल तर २ ला ३, ६ किंवा ८ असेल तर ५ ला ६.

जोड्यांशी ताडून बघा. ४ यायच्या वाटा ३, ७ च्या ६, म्हणजे हरायची शक्यता दुप्पट, आणि पैसेही दुप्पट. ५ ला ४ विरुद्ध ६, म्हणजे दीडपट, पैसे दीडपट. घराचा कट शून्य. अख्ख्या कसिनोत अशी बेट शोधून सापडत नाही, आणि म्हणूनच ती छापत नाहीत.

किती ठेवता येतात यावर मर्यादा असते आणि ती टेबलाच्या फलकावर लिहिलेली असते. बऱ्याच ठिकाणी ‘३-४-५’ चालतं: पॉइंट ४/१० ला पास लाइनच्या तिप्पट, ५/९ ला चौपट, ६/८ ला पाचपट. हे आकडे असेच उचललेले नाहीत. समजा १५ डॉलर पास लाइनवर आहेत. पॉइंट ४ ला ४५ ठेवले, जिंकल्यावर ९०. पॉइंट ५ ला ६०, जिंकल्यावर दीडपट म्हणजे ९०. पॉइंट ६ ला ७५, जिंकल्यावर सहा पंचमांश म्हणजे परत ९०. पास लाइनचे १५ धरून प्रत्येक वेळी १०५. डीलरला मोजायला सोपं म्हणून.

आता इथे लोक जरा वाहवत जातात म्हणून नीट वाचा. ऑड्सचा कट शून्य आहे याचा अर्थ पास लाइनचा कट गेला असा होत नाही. १५ डॉलरच्या पास लाइनवर सरासरी २१ सेंट जाणार ते जाणारच, ऑड्स लावा नका लावू. ऑड्समुळे लावलेली एकूण रक्कम वाढते म्हणून टक्का खाली दिसतो, ३-४-५ पूर्ण लावले तर एकूण रकमेवर ०.३७ टक्के. पण चढउतार किती वाढला बघा, आधी एका डावात १५ जायचे आता पॉइंट ६ ला ९० जातील. त्यामुळे नियम असा की टेबलावर एकूण जेवढे लावायचं ठरवलंय त्यातला कमीत कमी भाग पास लाइनवर आणि जास्तीत जास्त ऑड्सवर. जास्तीचे पैसे काढून ऑड्स लावायचे नाहीत.

आणि ऑड्स ठेवताना आकडा सरळ भागला जाईल असा ठेवा: ५/९ ला सम रक्कम, ६/८ ला ५ च्या पटीत. नाहीतर वरचे सुटे घर ठेवून घेतं.

कम बेट

कम म्हणजे डाव मधे चालू असताना काढलेली नवी पास लाइन, दुसरं काही नाही. पॉइंट लागलेला आहे, तुम्ही कमच्या घरात चिप ठेवली, तर तुमच्यापुरतं पुढचं दान हेच कम आउट. समजा पॉइंट ८ आहे आणि दान पडलं ५, तर डीलर तुमची चिप उचलून ५ च्या घरावर नेतो, आता ७ च्या आधी ५ आले की जिंकलात. यावरही ऑड्स लागतात, ‘ऑड्स ऑन माय कम’ म्हणून द्यायचे. कट तोच १.४१.

गोंधळ एवढाच होतो की ७ आले तर कमच्या घरातली नवी चिप जिंकते पण आकड्यांवर जाऊन बसलेल्या आधीच्या सगळ्या जातात. घरी चिंचोक्यांवर हे चारपाच वेळा घडलं की आपोआप कळतं. सुरुवातीला पास लाइन अधिक एक कम, बास.

प्लेस आणि बाय

पॉइंटची वाट बघायची नसेल तर थेट आकडा निवडायचा, ‘प्लेस द सिक्स’. ७ च्या आधी आला तर जिंकलात. हवी तेव्हा काढता येते, आणि कम आउटला ही बेट साधारणपणे बंद असते. पैसे असे: ६/८ वर ६ ला ७, ५/९ वर ५ ला ७, ४/१० वर ५ ला ९.

६ चं गणित करून बघू. निकाल लागणाऱ्या ११ दानांत ५ वेळा जिंकाल, ५ गुणिले ७ म्हणजे ३५. सहा वेळा हराल, ६ गुणिले ६ म्हणजे ३६. ६६ लावून १ गेला, १.५२ टक्के. चांगली बेट आहे. हीच आकडेमोड ५/९ ला केली तर ४ टक्के आणि ४/१० ला ६.६७ टक्के येतात. सरळ आहे मग, प्लेस करायचं तर फक्त ६ आणि ८, आणि ६ च्या पटीत, १२, १८, २४ असं. १० किंवा १५ ठेवलेत तर सुटे बुडाले.

४/१० वरच खेळायचं असेल तर ‘बाय’ करतात, खऱ्या हिशोबाने पैसे मिळतात पण ५ टक्के कमिशन द्यावं लागतं. काही ठिकाणी कमिशन फक्त जिंकल्यावर घेतात, तिथे कट १.६७ पर्यंत येतो. आधीच घेत असतील तर ४.७६.

कापडाच्या कोपऱ्यात कुठे ‘बिग ६’, ‘बिग ८’ असे मोठ्ठे लाल आकडे दिसले तर दुर्लक्ष करा. हीच प्लेस बेट आहे, फक्त ६ ला ७ ऐवजी १ ला १ देते, आणि कट १.५२ चा ९.०९ होतो. शेजारी शेजारी तीच वस्तू सहापट किमतीला, आणि लोक घेतात!

फील्ड

२, ३, ४, ९, १०, ११, १२ यातलं काही आलं की जिंकलात, एकाच दानात निकाल. सात आकडे आपले, घराचे फक्त चार, वा! पण घराचे चार म्हणजे ५, ६, ७, ८, त्यांच्या जोड्या मोजा: ४ अधिक ५ अधिक ६ अधिक ५ बरोबर २०. आपल्या सात आकड्यांच्या मिळून १६. २ आणि १२ ला दुप्पट देतात तरी कट ५.५६ टक्के, एखाद्या टेबलवर त्यातल्या एकाला तिप्पट देत असतील तर २.७८. फील्ड खेळणारा माणूस बघितला की समजायचं यांनी जोड्या मोजल्या नाहीत, आकडे मोजले.

मधला रंगीबेरंगी भाग

हा स्टिकमनचा इलाका. लांब काठीने फासे ओढणारा माणूस प्रत्येक दानाआधी ‘हार्डवेज’, ‘यो’ (म्हणजे ११) करून ओरडत असतो, तो धंद्याचा भाग आहे, आपल्याशी बोलतोय असं वाटून घेऊ नका.

हार्डवे म्हणजे आकडा दोन्ही फाशांवर सारखाच पडून यावा, ८ आला तर ४-४ च. ७ आला किंवा ८ दुसऱ्या कुठल्या प्रकारे आला की गेले. ४-४ ची एक वाट, विरुद्ध ६ अधिक ४ अशा १०, म्हणजे १ ला १० मिळायला हवेत, मिळतात ९. कट ९.०९. हार्ड ४ आणि १० ला १ ला ७, कट ११.११. ‘एनी सेव्हन’ला १ ला ४ देतात, खरा हिशोब १ ला ५, कट १६.६७ टक्के आणि तोही एकाच दानात. २ किंवा १२ वर १ ला ३० ऐकायला भारी वाटतं, खरे ३५ हवेत, कट १३.८९.

इथे छपाईतली एक बारीक खोच बघून ठेवा. ‘३० टू १’ म्हणजे तुमची चिप परत अधिक ३०. ‘३० फॉर १’ म्हणजे चिप धरून ३०, म्हणजे खरे २९. एका शब्दाने कट आणखी वाढतो.

‘आज हात गरम आहे’

२००९ साली अटलांटिक सिटीतल्या बोर्गाटा कसिनोत एका बाईंनी ४ तास १८ मिनिटं आणि १५४ दानं फासे हातातून जाऊ दिले नाहीत. खरी घटना आहे, आणि ती ऐकूनच लोक गरम हाताच्या मागे लागतात. पण शूटरचा हात सरासरी साडेआठ दानं टिकतो. फाशाला मागचं दान आठवत नाही, दहा दानांत ७ आला नाही म्हणून अकराव्याला यायची शक्यता वाढत नाही, तीच ३६ पैकी ६. हरल्यावर दुप्पट, परत दुप्पट करत जायची पद्धतही इथे टिकत नाही, टेबलाची वरची मर्यादा किंवा खिसा आधी संपतो. फासे विशिष्ट प्रकारे धरून टाकायच्या क्लाससाठी तर पैसे अजिबात देऊ नका, समोरच्या भिंतीवर रबराचे टोकदार उंचवटे असतात आणि फासे त्यावर आपटले पाहिजेत हा नियम असतो, तो याचसाठी.

प्रत्यक्ष टेबलाशी

आधी कमीत कमी बेटचा फलक बघा, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी ती वाढते, सकाळी स्वस्त असतं. सोंगटी ‘ऑफ’ असताना जा. पैसे डीलरच्या हातात देऊ नका, तो घेणारच नाही, कापडावर ठेवा आणि ‘चेंज प्लीज’ म्हणा. १५ ची पास लाइन आणि सिंगल ऑड्स (पास लाइनएवढेच) खेळायचं असेल तर एका डावात साधारण ३० जातात, त्या मानाने ३०० घेऊन उभे राहिलात तर बऱ्यापैकी वेळ निघतो, आणि ते ३०० संपले की संपले, दुसऱ्यांदा पाकिटात हात नाही.

फासे तुमच्याकडे आले तर एकाच हाताने उचला, दुसऱ्या हातात घेऊन खुळखुळवलंत की ओरडतात. टाकायचं नसेल तर ‘पास’ म्हणा, कोणी काही म्हणत नाही. दुसरा कोणी टाकत असताना हात टेबलाच्या आत लोंबकळू देऊ नका, फासे हाताला लागून ७ आला तर अख्खं टेबल तुमच्याकडे बघेल. प्लेस, बाय आणि मधल्या बेट्स डीलर किंवा स्टिकमन लावतो, तुम्ही स्वतः लावायच्या त्या फक्त पास, डोन्ट पास, कम, फील्ड आणि ती मागची ऑड्स. आणि पॉइंट आल्यावर जिंकलेले पैसे समोर ठेवले की लगेच उचला, पट्टीवर तसेच राहिले तर पुढच्या कम आउटला ते सगळे लागलेले धरतात.